कम्प्ट्रोलरपदाच्या उमेदवाराला काय विचारावे?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २०२६ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरबरोबरच राज्याच्या कम्प्ट्रोलरचीही निवडणूक आहे. राज्याच्या हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या या अधिकाऱ्याला मतदार चार वर्षांसाठी थेट निवडून देतात. या पदाविषयी तेथील मराठी वाचकांची आणि महाराष्ट्रातूनही पत्रे आली असून, त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. कोणाला मत द्यावे हे सांगणे या सदराचे काम नव्हे. कशाच्या आधारे ठरवावे, ते मात्र स्पष्ट सांगायला हवे.

प्रश्न : मी नुकताच अमेरिकेचा नागरिक झालो आहे आणि प्रथमच मतदान करणार आहे. गव्हर्नर किंवा ॲटर्नी जनरल काय करतात हे ठाऊक आहे. परंतु कम्प्ट्रोलरपदाच्या उमेदवारांची जी पत्रके घरी येतात, त्यांत गुन्हेगारी, घरभाडे आणि वीजबिले यांचीच चर्चा असते. हे पद नेमके कशासाठी आहे आणि या उमेदवारांना पारखायचे कसे?
— एक वाचक, लाँग आयलंड

उत्तर : न्यूयॉर्कमध्ये हे पद १७९७ पासून आहे. आरंभी ते नेमणुकीने भरले जाई. १८४६ च्या राज्यघटनेने ते लोकांनी निवडून द्यावे असे ठरवले आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मिलर्ड फिलमोर या पदावर आले, जे पुढे १८५० मध्ये देशाचे अध्यक्ष झाले. आजच्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदातील तरतूद फार कडक आहे. राज्याचा पैसा कम्प्ट्रोलरच्या तपासणीवाचून कोणाला दिला गेला, तर तो व्यवहारच अवैध ठरतो. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराचे देयक असो किंवा एखाद्या करदात्याला द्यायचा परतावा असो, तो या कार्यालयाच्या नजरेखालून गेला पाहिजे. ठरावीक रकमेवरील बहुतेक सरकारी कंत्राटांनाही याच कार्यालयाची मंजुरी लागते. त्याशिवाय सरकारी खात्यांचे लेखापरीक्षण, गावे, शहरे, काउंट्या आणि शाळा-जिल्हे यांच्या आर्थिक प्रकृतीवर लक्ष ठेवणे, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रचंड निधी सांभाळणे ही कामे आहेतच. बँकांत, विमा कंपन्यांत वर्षानुवर्षे पडून राहिलेला आणि मालक न सापडलेला पैसाही राज्याच्या वतीने कम्प्ट्रोलरकडेच जमा होतो. कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपले, आपल्या आईवडिलांचे आणि जुन्या पत्त्यांवरचे नाव शोधून पाहायला काही खर्च येत नाही, म्हणून ते प्रत्येकाने पाहावेच.

आता या पदाच्या हाती काय नाही, ते लक्षात घ्या. कम्प्ट्रोलर कर लावत नाही आणि कमीही करू शकत नाही. अर्थसंकल्प तो मांडत नाही. पोलीस त्याच्या हाताखाली नाहीत आणि वीजदर ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक सेवा आयोगाकडे आहे. तेव्हा ‘मी वीजबिल कमी करीन’ असे छापलेले पत्रक आले, तर उमेदवाराला आपले पद कळलेले नाही किंवा ते मतदाराला कळू नये अशी त्याची इच्छा आहे, असेच मी समजेन. मात्र ‘वीजदरवाढीला मंजुरी देताना आयोगाने कंपन्यांचे आकडे तपासले होते की नाहीत, याचे लेखापरीक्षण करीन’ असे कोणी लिहिले असेल, तर ते या पदाच्या अधिकारात बसणारे आश्वासन आहे, आणि चार वर्षांनी त्याचा जाब विचारता येतो.

या कार्यालयाची ताकद कशात असते, हे एका अहवालावरून चांगले कळेल. कोविडच्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्कमधील वृद्धाश्रमांत मोठ्या संख्येने मृत्यू झाले. राज्याचे आरोग्य खाते जे आकडे प्रसिद्ध करीत होते, त्यांत वृद्धाश्रमाच्या आवारातच मरण पावलेल्यांची मोजदाद होती. तेथून रुग्णालयात हलवल्यावर जे गेले, त्यांची नव्हती. मार्च २०२२ मध्ये कम्प्ट्रोलर थॉमस डिनॅपोली यांच्या कार्यालयाने लेखापरीक्षणाचा अहवाल दिला आणि सुमारे ४,१०० मृत्यू खात्याच्या आकड्यांत धरलेच गेले नव्हते असे त्यात नोंदवले. पैशांचा हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने मृतांचा हिशेब मांडला, आणि ज्या कुटुंबांना आपले माणूस कोणत्याच रकान्यात सापडत नव्हते, त्यांच्या दृष्टीने या कागदाचे मोल फार मोठे होते.

तरीही या अहवालाला एक तारीख आहे आणि मतदाराने ती वाचली पाहिजे. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले ते गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ऑगस्ट २०२१ मध्ये राजीनामा देऊन गेले होते, ॲटर्नी जनरल लेटिशा जेम्स यांचा याच विषयावरचा अहवाल त्याआधी, जानेवारी २०२१ मध्येच आला होता, आणि डिनॅपोली यांच्यासह हे तिघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे होत. लेखापरीक्षणाला वेळ लागतो हे खरे आहे आणि घाईने दिलेला अहवाल कोर्टात किंवा विधिमंडळात टिकत नाही हेही खरे आहे. परंतु अहवाल काय म्हणतो याइतकेच तो कोण सत्तेवर असताना येतो याला महत्त्व असते, म्हणून उमेदवाराला विचारण्याचा माझ्या मते पहिला प्रश्न हाच आहे : आपल्याच पक्षाचा गव्हर्नर खुर्चीवर असताना त्याच्या कोणत्या खात्याचे लेखापरीक्षण आपण पहिल्या वर्षी हाती घ्याल? नाव सांगा, योजना सांगा. ‘सर्वांचीच कसून तपासणी करू’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नये.

जो उमेदवार आधीच पदावर आहे, त्याला वेगळे विचारावे. त्याच्या अहवालांतील शिफारशींपैकी कोणत्या खात्यांनी कोणत्या अमलात आणल्या आणि उरलेल्यांचा पाठपुरावा कसा केला, याचे उत्तर त्याला कागदपत्रांसह देता आले पाहिजे, कारण शिफारस न पाळणाऱ्या खात्याला कम्प्ट्रोलर दंड करू शकत नाही. पुन्हा तपासणी करून ते जाहीर करणे एवढेच त्याच्या हाती असते.

उमेदवार सनदी लेखापाल असावा का, असेही अनेक जण विचारतात. कायद्याने तशी अट नाही. वय किमान ३० वर्षे, अमेरिकेचे नागरिकत्व आणि राज्यात पाच वर्षांचे वास्तव्य, या गव्हर्नरपदाच्याच अटी येथेही आहेत. १९५५ पासून सलग २४ वर्षे हे पद सांभाळणारे आर्थर लेव्हिट व्यवसायाने वकील होते. आकडेमोड करायला कार्यालयात जाणकार माणसे असतात. त्या आकड्यांवरून बलाढ्य माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे काम मात्र निवडून आलेल्यालाच करावे लागते. म्हणून पदवीपेक्षा, उमेदवाराने यापूर्वी कधी आपल्याच माणसांना नकार दिला आहे का, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न : मी क्वीन्समध्ये राहते. २०२५ मध्येच आम्ही कम्प्ट्रोलर निवडला होता. मग पुन्हा निवडणूक कशी? माझ्या आईकडे ग्रीन कार्ड आहे. तिला मत देता येईल का? आणि न्यू जर्सीत एडिसनला राहणारा माझा भाऊ म्हणतो की त्यांच्या मतपत्रिकेवर हे पद नसतेच. ते खरे आहे का?
— एक वाचक, क्वीन्स

उत्तर : २०२५ मध्ये आपण निवडला तो न्यूयॉर्क शहराचा कम्प्ट्रोलर. ते स्वतंत्र पद आहे आणि त्या निवडणुकीत मार्क लेव्हिन निवडून आले. २०२६ ची निवडणूक संपूर्ण राज्याच्या पदासाठी आहे. शहरात राहणाऱ्यांना दोन्ही पदांसाठी मत देता येते.

राज्याच्या निवडणुकीत मताचा अधिकार फक्त नागरिकांना आहे. शहराच्या निवडणुकीपुरता तो ग्रीन कार्डधारकांनाही द्यावा असा कायदा महापालिकेने २०२१ च्या डिसेंबरात संमत केला होता, पण राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला. आईंनी चुकूनही मतदार नोंदणीचा अर्ज भरू नये, कारण नागरिक असल्याचे खोटे निवेदन पुढे त्यांच्या नागरिकत्वाच्या आणि वास्तव्याच्याही आड येऊ शकते.

आपल्या भावाचे म्हणणे बरोबर आहे. न्यू जर्सीत राज्याचा कम्प्ट्रोलर गव्हर्नर नेमतो, सिनेट त्याला संमती देते आणि मुदत सहा वर्षांची असते.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्या पक्षाकडे नोंदणी केलेल्यांनाच मत देता येते आणि पक्ष बदलायचा असेल तर त्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीपर्यंत बदलावा लागतो. या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे पारडे जड असल्यामुळे कित्येकदा खरी लढत जूनमधल्या त्या पहिल्या फेरीतच असते, आणि आपल्यातील पुष्कळ नवे नागरिक कोणत्याच पक्षाकडे नोंदणी न केल्यामुळे तिच्या बाहेर राहतात.

प्रश्न : मी राज्य सरकारच्या सेवेतून अभियंता म्हणून निवृत्त झालो. एक उमेदवार म्हणतो की निधीचा पैसा तेल कंपन्यांतून काढून घ्यावा, दुसरा म्हणतो की फक्त परतावा पाहावा, तिसरा म्हणतो की गुंतवणूक कंपन्यांना फार शुल्क दिले जाते. चुकीचा माणूस निवडून आला तर माझे निवृत्तिवेतन कमी होईल का?
— एक वाचक, ऑल्बनी

उत्तर : होणार नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाचे सातवे कलम सांगते की निवृत्तिवेतन योजनेचे सदस्यत्व हा करार आहे आणि त्यातील लाभ कमी करता येत नाहीत. याबाबत आपण निर्धास्त असावे.

तोटा झालाच तर तो दुसरीकडून भरून काढला जातो. निधीच्या गुंतवणुकीतून वर्षाला सरासरी किती उत्पन्न मिळेल याचा एक अंदाज धरलेला असतो. २०२१ मध्ये तो ६.८ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आणला गेला. प्रत्यक्ष उत्पन्न कमी पडत राहिले, तर राज्य सरकार, काउंट्या आणि गावे यांना निधीत अधिक वर्गणी भरावी लागते. तिचा दर कम्प्ट्रोलर ठरवतो आणि गावाच्या तिजोरीत ती रक्कम मुख्यतः घरांवरील मालमत्ता करातून येते. निवृत्त कर्मचारी म्हणून आपल्याला झळ लागली नाही तरी घरमालक म्हणून ती लागू शकते, आणि आपल्या शेजाऱ्याला तर नक्कीच लागेल.

मार्च २०२५ अखेर निधीचा आकार सुमारे २७३ अब्ज डॉलर होता आणि बारा लाखांहून अधिक सदस्य, निवृत्त कर्मचारी व त्यांचे वारस त्यावर अवलंबून आहेत. एवढ्या पैशाचा विश्वस्त एकटा कम्प्ट्रोलर असतो. बहुतेक राज्यांत हे काम विश्वस्त मंडळाकडे असते. न्यूयॉर्क शहराच्या पाच निवृत्तिवेतन निधींनाही मंडळे आहेत. एका सहीवर अब्जावधी डॉलर कोणाकडे जायचे हे ठरत असेल, तर ती सही मिळवण्यासाठी कोण कोण रांगेत उभे राहील, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत, आणि न्यूयॉर्कने ते प्रत्यक्ष अनुभवलेही आहे. २००३ ते २००६ या काळात कम्प्ट्रोलर असलेल्या ॲलन हेवेसी यांनी २०१० मध्ये कोर्टात कबुली दिली की निधीतील २५ कोटी डॉलर एका खासगी गुंतवणूक कंपनीकडे वळवण्याच्या बदल्यात त्यांनी सुमारे १० लाख डॉलरचे लाभ घेतले. त्यांत परदेश प्रवास होते आणि निवडणुकीच्या देणग्याही होत्या. त्यांचे राजकीय सल्लागार हँक मॉरिस निधीकडून पैसा मिळवून देण्याबद्दल गुंतवणूक कंपन्यांकडून दलाली घेत होते. दोघेही तुरुंगात गेले.

त्यानंतर दोन चांगले बदल झाले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या निधीने अशा मध्यस्थांवर बंदी घातली. २०१० मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने देशभरासाठी नियम केला की गुंतवणूक सल्लागाराने अशा पदाच्या उमेदवाराला देणगी दिली, तर दोन वर्षे त्याला त्या निधीकडून मोबदला घेता येणार नाही; आपण ज्याला मत देऊ शकतो अशा उमेदवाराला ३५० डॉलरपर्यंत आणि इतरांना १५० डॉलरपर्यंत दिलेली रक्कम तेवढी यातून वगळली आहे. हा नियम गुंतवणूक सल्लागारांपुरता आहे. निधीच्या वतीने मोठमोठे दावे लढवणाऱ्या वकिलांच्या कंपन्या त्यात येत नाहीत. उमेदवारांना मिळालेल्या देणग्यांची यादी राज्याच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते आणि प्रचारसभेपेक्षा ती यादी अधिक बोलकी असते. तेव्हा आपण तेल कंपन्यांविषयी विचारण्यापूर्वी हे विचारा : निधीशी व्यवहार करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या कोणाकडूनही, मग तो वकील असो की सल्लागार, आपण देणगी घेणार नाही असे लेखी द्याल का? राज्याच्या आता चालू असलेल्या सार्वजनिक निवडणूक निधीच्या योजनेत राज्यातील रहिवाशाने दिलेल्या छोट्या देणगीच्या सहापट रक्कम सरकार उमेदवाराला देते; त्यासाठी देणगी २५० डॉलरपेक्षा मोठी असून चालत नाही. मोठ्या देणग्यांवाचून लढणे आता अशक्य राहिलेले नाही.

तेल कंपन्यांविषयी आपण विचारलेच आहे, तर एवढे सांगतो. २०४० पर्यंत निधीच्या गुंतवणुकीतून होणारे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे धोरण डिनॅपोली यांनी २०२० मध्ये जाहीर केले. काहींना ते अपुरे वाटते, काहींना अनाठायी. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. विश्वस्ताचे कायदेशीर कर्तव्य सदस्यांच्या हिताचे आहे, म्हणून उमेदवार कोणत्याही बाजूचा असला तरी त्याने आपली भूमिका परताव्याच्या आणि जोखमीच्या भाषेत पटवून दिली पाहिजे. शुल्काविषयीचा प्रश्न मला अधिक रास्त वाटतो, कारण बाजार चढो वा उतरो, शुल्क दरवर्षी जातेच. जो उमेदवार ते जास्त आहे असे म्हणतो, त्याने कोणत्या प्रकारची गुंतवणूक किती कमी करणार, हे सांगावे.

एकहाती विश्वस्तपदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होते. ते वाचवण्यासाठी काढलेले रोखे निवृत्तिवेतन निधीने घेतलेच पाहिजेत, असा कायदा विधिमंडळाने केला. आर्थर लेव्हिट यांनी त्याला विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले आणि राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली : निधीचे रक्षण करण्याचा कम्प्ट्रोलरचा स्वतंत्र निर्णयाधिकार विधिमंडळाला काढून घेता येत नाही. गव्हर्नरने आणि पक्षांनी नेमलेल्या मंडळाने त्या दबावात असेच केले असते का, याची मला खात्री देता येत नाही. तरीही हेवेसी प्रकरणानंतर माझा कौल मंडळाच्या बाजूने आहे, मात्र त्या मंडळात आपल्यासारख्या निवृत्तांचे प्रतिनिधी मतदानाने निवडलेले असावेत. याविषयी उमेदवारांचे मत अवश्य विचारा. जो पदाचा अधिकार कमी करायला स्वतःहून तयार असतो, तो फार विरळा.

प्रश्न : आपल्याकडे कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि ते योग्यच वाटते. लेखापरीक्षकाने पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवायची, देणग्या घ्यायच्या आणि मग निष्पक्षपणे तपासणी करायची, हे कसे शक्य आहे?
— एक निवृत्त लेखा अधिकारी, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु दोन्ही पदांचे स्वरूप मुळात वेगळे आहे. राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने कॅगला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके संरक्षण दिले आहे, आणि निवृत्तीनंतर केंद्राचे किंवा राज्याचे कोणतेही पद त्याला घेता येत नाही. महाराष्ट्राविषयीचे त्याचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात आणि लोकलेखा समितीकडे जातात. पण पैसा तिजोरीतून बाहेर पडण्यापूर्वी तो अडवण्याचा अधिकार आपल्या कॅगकडे नाही, आणि कोणाच्या निवृत्तिवेतनाचा पैसा गुंतवण्याचे कामही नाही. न्यूयॉर्कमध्ये देयक मंजूर करणारा, नंतर त्याचे परीक्षण करणारा आणि गुंतवणूक करणारा अधिकारी एकच आहे. आपण आयुष्यभर लेखाविभागात काम केले आहे. पैसे देणारा आणि तपासणारा हात वेगळा असावा, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

इलिनॉय राज्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९५२ मध्ये तेथे ऑर्व्हिल हॉज हे राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. ‘शिकागो डेली न्यूज’च्या बातमीदाराने माग काढला तेव्हा उघड झाले की खोट्या नावांनी राज्याचे धनादेश काढून त्यांनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम लाटली होती, आणि १९५६ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. देयके काढणारेही तेच आणि तपासणारेही तेच असल्यामुळे हे इतके दिवस चालले. १९७० च्या राज्यघटनेत इलिनॉयने काम विभागले. देयके देणारा कम्प्ट्रोलर लोकांनी निवडायचा आणि लेखापरीक्षण करणारा महालेखापरीक्षक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तीन-पंचमांश मतांनी, दहा वर्षांसाठी नेमायचा. मला ही रचना न्यूयॉर्कपेक्षा चांगली वाटते.

तरीही नेमणूक म्हणजे निष्पक्षपणा, असे मी म्हणणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली डायना डिझोग्लिओ या विधिमंडळाचेच लेखापरीक्षण करीन असे सांगून राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आल्या. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, आणि विधिमंडळातही त्याच पक्षाचे प्रचंड बहुमत. विधिमंडळाने त्यांना तपासणी करू दिली नाही आणि ॲटर्नी जनरलनेही विधिमंडळाच्या संमतीवाचून हा अधिकार नाही असे मत दिले, तेव्हा त्यांनी प्रश्न जनतेपुढे नेला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्यांना तो अधिकार देण्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्यानंतरही विधिमंडळाने दप्तर उघडले नाही. विधिमंडळाने नेमलेल्या लेखापरीक्षकाने असा लढा दिला असता असे मला वाटत नाही.

खुद्द न्यूयॉर्कमध्ये दोन्ही मार्गांची परीक्षा लागोपाठ झाली. २००६ च्या निवडणुकीत हेवेसी यांचे प्रतिस्पर्धी ख्रिस्तोफर कॅलहान यांनी, सरकारी गैरव्यवहाराची तक्रार करण्यासाठी असलेल्या कम्प्ट्रोलर कार्यालयाच्याच दूरध्वनीवर कम्प्ट्रोलरविरुद्ध तक्रार नोंदवली : सरकारी कर्मचारी हेवेसींच्या पत्नीची गाडी चालवतो, असे तिचे स्वरूप होते. तक्रार खरी निघाली. ती गाजत असतानाच मतदारांनी हेवेसींना पुन्हा निवडून दिले आणि दीड-दोन महिन्यांत, डिसेंबरमध्ये, गुन्हा कबूल करून त्यांना पद सोडावे लागले. रिकाम्या जागेसाठी गव्हर्नर एलियट स्पिट्झर आणि विधिमंडळाचे नेते यांच्यात ठरल्याप्रमाणे जाणकारांच्या समितीने तीन नावे सुचवली. फेब्रुवारी २००७ मध्ये विधिमंडळाने ती तिन्ही बाजूला ठेवून आपल्याच एका सदस्याला, डिनॅपोली यांना निवडले. २०१० मध्ये ते हॅरी विल्सन या आर्थिक क्षेत्रातून आलेल्या उमेदवाराविरुद्ध थोड्या फरकाने जिंकले आणि २०१४, २०१८ व २०२२ मध्येही निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन कोणी कसेही करो, २००७ मध्ये त्यांची निवड करणाऱ्यांना मतदारांपुढे जाऊन त्या निवडीची कारणे द्यावी लागली नाहीत, आणि २०१० नंतर मात्र डिनॅपोली यांना स्वतःला दर चार वर्षांनी ती द्यावी लागली आहेत. म्हणून लेखापरीक्षणाचे काम निवडून आलेल्याकडे राहू द्यावे आणि निवृत्तिवेतनाचा निधी त्याच्या एकट्याच्या हातून काढून मंडळाकडे द्यावा, असे माझे मत आहे.